कन्यापक्ष

टेबलावर, तापमानाच्या नोंदवहीशेजारी, गुलाबी कागदाची एक पुडी उघडी पडली होती आणि तिच्यात दोन दात होते. दोन्ही समोरचे, एक मुळासकट अखंड, दुसरा तिरपा फुटलेला, अडकित्त्यातून निसटलेल्या सुपारीच्या खांडासारखा. लहानूने ती पुडी खिशातून काढली होती, सावकाश उलगडली होती, कागदाच्या चुण्या तळहाताने सारख्या केल्या होत्या, आणि मग मागे सरकून तो भिंतीला पाठ लावून उभा राहिला होता. आपले म्हणणे मांडून झाले, आता तुमचे चालू द्या, असा. बीरगांवातल्या त्या पत्र्याच्या सभागृहात वीसेक माणसे होती. कारखान्यांकडून येणारा काळा भुगा खिडकीच्या गजांवर बसला होता आणि पंखा तो भुगा अंगाअंगावर वाटत होता. भार्गव दातांकडे पाहत नव्हता. तो कागदाकडे पाहत होता, कारण ती तळ्याच्या लग्नाची पत्रिका होती आणि तिच्यावरचे अक्षर त्याचे होते. ‘तरिया बिहाव’ या शब्दांतल्या ‘ब’च्या पोटात रक्त वाळून तपकिरी झाले होते, आणि त्याच्या मनात पहिल्याप्रथम विचार आला तो असा, की वेलांटी मात्र सुरेख उतरली आहे. त्या विचाराची त्याला इतकी किळस आली, की त्याने स्वतःच्या मांडीत नखे रुतवली.

तो शंकर नगरमधल्या एका सरकारी कचेरीत नकाशे काढीत असे. राज्य नवे झाले, रायपूर राजधानी झाले, त्याला आता सात वर्षे होत आली होती, आणि या सात वर्षांत जमिनीला असा ताप चढला होता, की सोमवारी काढलेला नकाशा शनिवारी खोटा ठरे. आज जिथे निळ्या शाईने पाणी दाखवावे तिथे महिन्याने प्लॉटच्या चौकटी येत. त्या निळ्या शाईचा काहीतरी देणेकरी असल्यासारखा तो मंजिरीच्या मंडळात शिरला होता. मंजिरी कॉलेजात भूगोल शिकवीत असे. तिच्याबरोबर दर रविवारी पाचसहा सुशिक्षित माणसे बीरगांवात येत, तळ्यातली जलपर्णी उपसत, आणि वाढत्या उन्हाळ्याविषयी लोकांशी बोलत. बोलण्याने फारसे काही झाले नव्हते. झाले ते दोन थर्मामीटरांनी. एक त्यांनी तळ्याकाठच्या लिंबावर टांगला आणि दुसरा लहानूच्या घरी, पत्र्याखाली. लहानूची बायको सरिता, भंडाऱ्याकडची, चौथी शिकलेली, रोज दुपारी दोन वाजता एक डोळा मिटून दोन्ही आकडे वाची आणि दारावर खडूने लिही. पत्र्याखाली सत्तेचाळीस, पाण्याकाठी एक्केचाळीस. “आमच्या घरी कूलर नाही,” ती आल्यागेल्याला सांगे, “सहा डिग्रीची तरिया हाय.” तरिया म्हणजे तळे. मंडळाच्या पत्रकांनी जी माणसे जमली नव्हती ती तिच्या दाराने जमली, आणि तोवर दक्षिणेच्या बाजूने तळे बुजायला लागलेही होते. प्लॉटवाल्या ठेकेदाराचे ट्रक लोखंडाच्या भट्ट्यांतली मळी आणून टाकीत, कधीकधी आतून अजून लाल असलेली. ती पाण्यात पडली की पाणी किंचाळे. भार्गवने तो आवाज पहिल्यांदा ऐकला तेव्हा त्याला वाटले होते, ट्रकखाली जनावर आले.

मंजिरीने अखेर घसा साफ केला. “लहानू, तू डॉक्टरकडे गेला होतास ना?” हा प्रश्न इतका चुकीचा होता, की तो विचारला गेलाच नाही असे सर्वांनी ठरवून टाकले. भार्गवला वाटले, आपण काहीतरी बोलले पाहिजे, आणि त्याच क्षणी त्याच्या जिभेने स्वतःच्या समोरच्या दातांना मागून स्पर्श केला, एकेकाला, मोजल्यासारखा. रविवारी सकाळी जे घडले ते त्याने पाहिलेले नव्हते. त्या रविवारी तो आलाच नव्हता. कचेरीतल्या कोणाच्या तरी मुंजीला गेला होता आणि अकरा वाजता, नेमक्या त्या वेळी, श्रीखंड वाढून घेत होता. पण चार तोंडांतून ऐकलेले त्याच्या मनात आता पाहिलेल्यापेक्षा जास्त स्पष्ट झाले होते. ठेकेदाराची एक जीप काठावर थांबते. पाच माणसे उतरतात. चौघांच्या हातांत सळया आहेत, पाचव्याच्या अंगात इस्त्रीचा शर्ट आहे. तो पंपघराच्या भिंतीपाशी जातो, खिशात हात घालून उभा राहतो आणि वाचू लागतो. नंबर एक, भैय्यालाल, पिपरा पारा, घर सात. पारा म्हणजे वस्ती. कुठेही अडखळत नाही. मागे वळून म्हणतो, “राइटिंग बहुत साफ है.” हे वाक्य सरिताने आपल्या नवऱ्याच्या जखमांआधी सांगितले होते. का, ते भार्गवला कळत नव्हते. किंवा कळत होते.

सत्तरीचा भैय्यालाल दारात चिंचोके फोडीत बसला होता. त्याच्या गुडघ्यावर सळई बसली तेव्हा वाळला सरई, म्हणजे सालवृक्ष, चिरावा तसा आवाज झाला, आणि म्हातारा ओरडला नाही; नुसता हातातला चिंचोका घट्ट धरून आडवा झाला. इस्त्रीच्या शर्टाने विटेचा एक तुकडा उचलला आणि भिंतीवर त्याच्या नावापुढे बरोबरची खूण केली, मास्तर वहीत करतात तशी. दुसऱ्या नंबराला त्यांनी पचरीवर, म्हणजे तळ्याच्या पायऱ्यांवर, धुणे धुताना धरले आणि मानेला धरून पाण्यात दाबले, वर काढले, पुन्हा दाबले, तो हातपाय मारायचा थांबेपर्यंत. मग काठावर टाकून दिला, आणि तो जगला. तिसरा रंगाऱ्याचे काम करणारा, त्याच्या उजव्या हाताची बोटे उंबऱ्यावर ठेवून. चौथा लहानू. प्रत्येक घरानंतर एक माणूस परत भिंतीपाशी जाई, खूण करी, पुढचे नाव वाची, घर नंबर वाची आणि कोणालाही वाट न विचारता त्या दारात जाऊन उभा राही. वाट विचारायची गरजच नव्हती. जाताना त्यांनी सांगितले, दर रविवारी चार घरे, पुढची चार येत्या रविवारी. आणि कोणी भिंत पुसली तर मग वाचायचे कष्ट घेणार नाही, सगळा पारा घेऊ.

ती भिंत भार्गवची होती. म्हणजे कल्पना भैय्यालालची होती, पण अक्षर भार्गवचे. उन्हाळ्याच्या तोंडी, बायाबापड्या तळ्याच्या कामाला येतात पण पुरुष येत नाहीत म्हणून मंजिरी डोके धरून बसली असताना म्हातारा सहज म्हणाला होता, “बिन बिहाय तरिया के पानी देवता मन ला नइ चघय.” तळ्याचे लग्न लागले नसेल तर त्याचे पाणी देवाला चालत नाही. या तळ्याचे लागले होते, आजोबांच्या काळात; मधोमध सरईचा खांब होता, तोच नवरा. खांब कुजून पडला त्याला वीस वर्षे झाली. तळे विधवा झाले आहे, आणि विधवेच्या दारात कोणीही कचरा टाकतो, असे म्हातारा म्हणाला आणि हसला. मंडळातल्या सर्वांच्या अंगावर काटा आला होता; पुस्तकात शोधून सापडले नसते ते समोर बसून चिंचोके फोडीत होते. मग अक्तीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, मुहूर्तावर, त्या दिवशी इकडे पोरी बाहुलाबाहुलीची लग्ने लावतात, नवा खांब आला, त्याला हळद लागली, लहानूने छातीभर पाण्यात उतरून तो रोवला, आणि बायांनी काठावरून अशा शिव्या घातल्या नवरदेवाला, की मंजिरी वहीत लिहिता लिहिता थांबली. एक्केचाळीस घरे मुलीकडची झाली. मुलीकडच्यांनी मुलीला जपायचे असते. कोणी घाण टाकताना दिसला तर कोणाला सांगायचे हे सर्वांना ठाऊक असावे, म्हणून भार्गवने पंपघराच्या पांढऱ्या भिंतीवर लग्नपत्रिकेसारखे वर गणपती काढून, खाली ‘कन्यापक्ष’ असा मथळा घालून एक्केचाळीस नावे लिहिली. नाव, पारा, घर नंबर. दोन दिवस लागले त्याला. मंडळाचीही नावे घालू, असे विनायक म्हणाला होता, मंडळातला सर्वांत धाकटा, नुकता नोकरीला लागलेला. भार्गवनेच नको म्हटले. “हे तळं त्यांचं आहे. आपण बाहेरचे. आपली नावं कशाला?” सर्वांनी त्याच्याकडे पाहिले होते, आणि त्या पाहण्यात जो आदर होता तो त्याने घरी जाताना स्कूटरवर, वाऱ्यासारखा, अंगावर घेतला होता.

“ठाण्यात रिपोर्ट द्यावाच लागेल,” मंजिरी म्हणाली. “आणि त्या भिंतीला हात लावू नका कोणी. सोमवारी कलेक्टर ऑफिसची माणसं पाहणीला येणार आहेत. ती नावं, त्या खुणा, सगळं त्यांच्या डोळ्यांना दिसायला हवं. तोच तर पुरावा.”

“सोमवारच्या आधी रविवार येते, ताई,” लहानू म्हणाला. दातांच्या जागेतून हवा जात होती आणि प्रत्येक शब्दाला शिटीसारखी कड येत होती. “अन् ठाण्यात कोण जाईन? तिथंबी पहिले नाव लिहा लागते.”

मागून कोणीतरी हसले. एकच माणूस, एकदाच. ते हसणे भार्गवच्या मानेवर येऊन बसले आणि तिथे चालू लागले. त्याला वाटले, उठावे आणि त्या हसणाऱ्याच्या तोंडात मारावी. मग वाटले, त्याने उठून आपल्या तोंडात मारावी. ही दुसरी इच्छा पहिलीपेक्षा पुष्कळ गोड होती. वडिलांची फूटपट्टी त्याला आठवली. पांडुरंग दफ्तरदार तहसील कचेरीत कारकून होते, आणि त्यांच्या लेखी घराण्यात एकच दागिना होता, तो म्हणजे अक्षर. नागपूरच्या भोसल्यांच्या फौजेबरोबर मूळ पुरुष इकडे आला तो तलवार घेऊन नव्हे, दौत घेऊन. गावोगावच्या वेठीच्या याद्या तो लिही, कोणत्या घरातला कोणता माणूस कोणत्या दिवशी ओझे वाहायला हजर करायचा ते. दोनशे वर्षांपूर्वीची त्यातली एक यादी वडिलांनी काचेत लावून ठेवली होती. “पाहा,” ते म्हणत, “आजही एक अक्षर लागत नाही असं नाही.” आणि ‘ळ’ची गाठ सुटली की लाकडी फूटपट्टी आडवी नव्हे, उभी, धारेने, बोटांच्या सांध्यांवर. भार्गवच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाचा सांधा अजून थंडीत ठणके. त्या काचेतल्या यादीतली माणसे हजर झाली नाहीत तर काय होत असे, हे त्याने वडिलांना कधी विचारले नव्हते. आता, या पत्र्याखाली, त्याला ते स्पष्ट दिसले: कोणीतरी ती यादी हातात घेऊन, कुठेही न अडखळता, एकेका दारात गेला असणार. आणि म्हणाला असणार, अक्षर फार स्वच्छ आहे. भार्गवच्या अक्षराच्या प्रत्येक वळणात एक फटका होता. तो आत आला होता तसाच बाहेर गेला होता, एवढेच.

सभा संपली नाही, विरली. लहानूने पुडी पुन्हा बांधली आणि खिशात घातली. दारात सरिता उभी होती; ती आत आलीच नव्हती. भार्गव तिच्याजवळून गेला तेव्हा तिने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिले नाही, हाताकडे पाहिले.

शुक्रवारी त्याने अर्धी रजा घेतली. सदर बाजारात सराफांच्या काचांमध्ये दुपार अशी पेटली होती, की डोळे मिटूनही ती आत येत होती. दुचाक्यांचे हॉर्न एकमेकांच्या अंगावर धावून जात होते. त्याला चुना हवा होता, भिंत पुसायला. मंजिरीला विचारायचे नाही, कोणालाच विचारायचे नाही, असे त्याने तीन रात्रींच्या जागरणानंतर ठरवले होते, आणि ठरवल्यापासून त्याला भूक लागत होती. रंगाच्या दुकानात चुन्याची पिशवी घेतली. काळ्या रंगाचा एक लहान डबा आणि ब्रशही घेतला. का, ते स्वतःला सांगितले नाही. शेजारच्या दुकानाबाहेर कापलेल्या सळयांचा ढीग होता. त्याने एक उचलली. वाटली होती त्याहून जड होती, आणि उन्हाने तापलेली. गंजाचा वास तोंडात चवीसारखा उतरला. त्याने डावा तळहात उघडला, उजव्या हातात सळई धरली आणि हलकेच मारून पाहिले. मग जरा जोराने. मग त्याने सळई खांद्यापर्यंत वर नेली, दात आवळले, भैय्यालालचा गुडघा डोळ्यांसमोर आणला, आणि ती खाली आलीच नाही. हात वरच राहिला, एखाद्या पुतळ्याचा राहावा तसा. तळहात आपोआप मिटला आणि मागे सरकला. “कितना काटूँ, भैया?” दुकानदाराने विचारले. त्याने सळई ढिगावर ठेवली. गाडीला किक मारताना त्याच्या लक्षात आले, की आपण डावा हात पुढे केला होता. लिहिण्याचा नव्हे.

तळ्यावर दुपारची कोणी नसे, पण सरिता होती. पचरीच्या सर्वांत खालच्या पायरीवर बसून ती लहानूची पँट आपटीत होती. पाणी पायऱ्यांपासून बरेच खाली गेले होते. मधोमध नवा खांब अजून पिवळा दिसत होता, आणि दक्षिणेकडून मळीचा काळा उतार त्याच्या दिशेने इतका पुढे आला होता, की नवरदेव आता काठावरच उभा आहे असे वाटावे. भिंतीवर गणपती, मथळा, एक्केचाळीस ओळी; पहिल्या चार नावांपुढे विटेच्या तांबड्या खुणा. त्या खुणा बेढब होत्या. भार्गवला त्याही खुपल्या. त्याने बादलीत चुना कालवायला घेतला.

“पुसाले आले?” सरिताने मागे न वळता विचारले.

“हो, वहिनी.”

“नका पुसू.” ती उठली, पँट पिळली, खांद्यावर टाकली आणि वर आली. “तुम्ही पुसान, गाडीले किक मारान अन् शंकर नगरले जाऊन जेवान. रविवारी ते आमच्या दारात येतीन. म्हणतीन, कोणं पुसली? मी काय सांगू, वारा आला होता?”

“मग काय करू मी?”

“लिहा.”

त्याला समजले होते, तरी त्याने विचारले, “काय लिहू?”

“तुमचं नाव. या यादीत तुमचं नाव काहून नाही, हे मले पहिल्या दिवसापासून इचाराचं होतं. म्हटलं, मोठे माणसं हायेत, इसरले असतीन.”

“तळं तुमचं आहे, वहिनी. आम्ही बाहेरचे.” मंडळात जे वाक्य इतके उजळले होते ते इथे पायरीवर पडून मेलेल्या मासोळीसारखे पांढरे दिसू लागले.

“लग्नात मामाबी बाहेरचाच असते,” ती म्हणाली. “पण पोरीच्या मागं उभा राहते.”

तिच्या आवाजात राग नव्हता. रोज दोन वाजता आकडा सांगावा तसे ती सांगत होती. भार्गवने काळ्या रंगाचा डबा उघडला. त्याला वाटले, आता ओळ वाकडी जाणार. पण हात भिंतीला लागला आणि स्थिर झाला, वडिलांची फूटपट्टी आत कुठेतरी उभी असल्यासारखा. एक्केचाळीसच्या खाली, सरळ समासात, त्याने लिहिले: बेचाळीस. भार्गव पांडुरंग दफ्तरदार, शंकर नगर, गल्ली तीन, घर अकरा. शेवटचा आकडा पुरा करताना त्याला आपल्या दारात सळया वाजलेल्या ऐकू आल्या, गुडघ्याची वाटी फुटलेली ऐकू आली, आणि त्या सगळ्या भयाखालून एक विलक्षण हलकेपणा वर येऊ लागला, ताप उतरताना घाम येतो तसा. तो दोन पावले मागे सरला. त्याने ओळ पाहिली. ती सुंदर होती. त्याने सरिताकडे पाहिले आणि तिने काही म्हणावे म्हणून थांबला.

ती भिंतीजवळ गेली. थर्मामीटर वाचताना करी तसा एक डोळा तिने मिटला, आणि ओठ हलवीत पूर्ण ओळ वाचली. मग पदराने कपाळ पुसले.

“ते वरून वाचतात, भैया,” ती म्हणाली.

दक्षिणेकडे एक ट्रक मागे मागे येत होता.

“चार झाले. पाचवी मीरा हाय. एकटी बाई, दमेकरी. रविवारी तिच्या दारी येतीन. तुमचा नंबर येयेपर्यंत पोळा येईन.” तिने ओला हात उचलला आणि भिंतीच्या माथ्याकडे दाखवला. “तिथं, गणपतीच्या खाली, भैय्यालाल बबाच्या वर. जागा हाय ना?”

जागा होती. त्यानेच ठेवली होती. मथळा आणि पहिले नाव यांच्यामध्ये वीतभर पांढरे अंतर सोडल्याशिवाय यादी डोळ्यांना गच्च वाटते, हे त्याला माहीत होते. हात पुरत होता. डब्यात एका ओळीपुरता रंग होता, थोडा जास्तच. काठावरच्या तिसऱ्या घराच्या दारात मीराबाई येऊन उभी राहिली होती, एक हात चौकटीला, आणि श्वास मिळावा म्हणून तिचे खांदे वर उचलले जात होते, खाली पडत होते. ट्रकने पाठ काठाला टेकवली. मळी घरंगळली, आणि पाणी किंचाळले.

भार्गवने खाली वाकून डब्याचे झाकण शोधले, ते अंगठ्यांनी चारी बाजूंनी नीट दाबून बसवले, ब्रश गवताला पुसला.

“भैया,” सरिता म्हणाली, “मी काय इचारलं?”

तो गाडीकडे चालू लागला.